नाण्यावरची खूण टाकसाळीतली की बाहेरची?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात आठवडाभर पाणी होतं. पाणी ओसरल्यावर गाळ उपसताना देवघराच्या फडताळात आईची सुट्या पैशांची बरणी सापडली. झाकण निसटलेलं, आत गाळ आणि गाळात नाणी. आईनं ती धुतली, उन्हात वाळवली आणि कपाटात टाकून दिली. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत ती पुन्हा बाहेर निघाली, तेव्हा शेजारचा आठवीतला मुलगा तिथंच होता. त्याला पाच रुपयांचं एक काळंकुळकुळीत नाणं दिसलं. "काका, ह्ये वेगळ्या धातूचं हाय बघा. मोबाईलवर बघितलंय मी, असल्याला दोन लाख मिळत्यात."

त्याला नुसतं "नाही रे" म्हणून वाटेला लावणं मला पटलं नाही. माझ्याकडे असं नाणं घेऊन येणाऱ्यांत शाळकरी पोरं असतात, तशी निवृत्त माणसंही असतात. प्रत्येकाच्या हातात खरंच काहीतरी वेगळं असतं. प्रश्न एवढाच, की ते वेगळेपण नाणं जन्मताना आलं की जन्मल्यानंतर? पहिलं असेल तर ती टाकसाळीची चूक, संग्राहकांच्या भाषेत 'एरर'. दुसरं असेल तर ते नुसतं खराब झालेलं नाणं. दोन्हींतला फरक ओळखायला नशीब लागत नाही, नाणं कसं बनतं ते माहीत असावं लागतं.

आपल्याकडे मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार ठिकाणी सरकारी टाकसाळी आहेत. नाणं बनण्याची सुरुवात धातूच्या लांब पट्टीपासून होते. लाटलेल्या मोठ्या पोळीतून वाटीनं पुऱ्या पाडतात, तशा या पट्टीतून गोल चकत्या पाडतात. चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, स्वच्छ करतात, कडेनं दाबून त्यांना थोडा उंच काठ आणतात. मग एकेक चकती यंत्रात जाते. खाली एक ठसा, वर एक ठसा आणि भोवती पोलादी कडं, ज्याला कॉलर म्हणतात. दोन ठसे टनावारी जोरानं चकतीवर आदळतात, धातू क्षणभर लोण्यासारखा हलतो, ठशातल्या खोलगट जागांत शिरतो आणि भोवतीच्या कॉलरला जाऊन टेकतो. झालं नाणं. मिनिटाला अशी शेकडो.

म्हणजे नाण्यावर जे उंच दिसतं ते ठशात खोल असतं. हे एवढं नीट डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. मी तर हातात नाणं आलं की एकच प्रश्न विचारतो: धातू कुठून आला आणि कुठं गेला? धातू हवेत विरत नाही. खूण दिसते आहे म्हणजे तो कुठून तरी सरकला आहे, कमी झाला आहे किंवा त्याच्यावर काहीतरी चढलं आहे. आणि प्रत्येक गोष्ट आपला माग सोडते.

काळं नाणं

त्या पोराच्या नाण्यालाही हाच प्रश्न विचारला. पाच रुपयांचं पिवळं नाणं निकेल-ब्रासचं असतं, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. पुराआधीच्या या नाण्याचं वजन ६ ग्रॅम, व्यास २३ मिलिमीटर. आम्ही ते माझ्या छोट्या काट्यावर ठेवलं: ५.९६ ग्रॅम. लोहचुंबक लावला, चिकटलं नाही. बरोबरच आहे, निकेल-ब्रास चिकटत नाही. मग भिंगातून काठ बघितला. जिथं बोटं लागून घासलं गेलं होतं तिथं काळ्याखालून पिवळा धातू डोकावत होता. म्हणजे धातू तोच, वजन जवळपास तेच, फक्त वर थर चढलेला. पुराच्या गाळात पालापाचोळा कुजतो, सांडपाणी मिसळतं, त्यातून गंधकाची संयुगं तयार होतात. तांबं असलेल्या धातूला ती लागली की काळं पडतंच. देवाची तांब्या-पितळेची भांडी काळवंडतात त्याचाच हा भाऊबंद.

त्याच बरणीत आणखी एक गंमतशीर नाणं होतं. आईनं दोन-चार नाणी चिंचेनं खसाखसा घासली होती, त्यातलं एक गुलाबीसर झालं होतं. कुणीही त्याला "तांब्याचं पाच रुपये" म्हणून पुढं केलं असतं. पण आंबट पदार्थानं पितळेच्या पृष्ठभागावरचं जस्त आधी निघून जातं, तांबं मागं राहतं आणि रंग तांबूस होतो. आतला धातू तसाच पिवळा असतो. चुकीच्या धातूवर खरोखर छापलं गेलेलं नाणं वजनातच वेगळं निघतं, कारण प्रत्येक धातूची घनता वेगळी. रंगावरून कधीच निकाल देऊ नये, काट्यावरून द्यावा.

स्टीलच्या नाण्यांवर पुरानंतर तपकिरी ठिपके आले होते. ही नाणी लोखंड आणि सुमारे १७ टक्के क्रोमियमच्या मिश्रणाची असतात. गंज सहसा धरत नाहीत, पण घाणीत, क्षार असलेल्या पाण्यात खूप दिवस पडली की बारीक खड्डे पडून तिथं गंज धरतो. भिंगातून हे खड्डे वेडेवाकडे, आत खोल आणि तळाशी खडबडीत दिसतात. ठशाला असा खड्डा पाडता येत नाही.

ॲल्युमिनियमची जुनी नाणी, म्हणजे एक, दोन, तीन, पाच, दहा, वीस पैसे, यांचा शत्रू वेगळाच. चुना. पानाच्या डब्यात चुन्याच्या शेजारी राहिलेली दहा पैशाची नाणी मी बघितली आहेत, पाकळ्यांचा काठ खाल्लेला आणि अंगावर पांढरी भुकटी. चुना, सिमेंट, धुण्याचा सोडा हे सगळं ॲल्युमिनियमला खातं. "काठ नसलेलं दहा पैसे" म्हणून येणारी कितीतरी नाणी याच वाटेनं आलेली असतात.

बांध आणि तास

आता रेघा. मला सर्वाधिक विचारलं जातं ते यांच्याविषयी.

शेतात नांगर चालला की मधे तास पडतं आणि उकरलेली माती दोन्ही बाजूंना वर येते. नाण्यावर खिळा, चाकू, रस्त्यावरची खडी घासली की अगदी हेच होतं. मधे चर आणि कडेला उचललेला धातू. बोटाच्या नखालाही ती कड लागते. हे बाहेरचं नुकसान.

टाकसाळीतली रेघ बांधासारखी असते. लाखो फटके खाऊन ठशाला तडा जातो. तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उंच, बारीक, नागमोडी रेघ उमटते. तिच्या शेजारी चर नसतो. उजेड बाजूनं टाकून नाणं हळूहळू फिरवा. बांधाची सावली एका बाजूला पडते, तासाची आत पडते. टेबलावरच्या दिव्याखाली दोन मिनिटांत हे जमतं. आणखी एक खात्री म्हणजे खरा तडा अक्षराच्या किंवा चित्राच्या अंगावरूनही तसाच पुढं जातो, कारण तडा ठशालाच आहे. काठाजवळचा ठशाचा तुकडाच उडाला असेल तर तिथं धातूचा गुळगुळीत उंचवटा येतो, अक्षरं त्याखाली गडप. त्याला 'कड' म्हणतात, उच्चार मराठी असला तरी शब्द इंग्रजी. वेल्डिंगचा थेंब किंवा शिसं चिकटवून केलेला उंचवटा यापेक्षा वेगळा दिसतो. त्याच्या बुडाशी बारीक फट दिसते आणि काट्यावर वजन वाढलेलं असतं.

अक्षर गायब असलेलं नाणं आलं तरी हाच न्याय. ठशाच्या खोबणीत वंगण आणि धूळ बसली तर धातू तिथं शिरू शकत नाही. मग आकडा अर्धा उमटतो किंवा उमटतच नाही. पण त्या जागेचा पृष्ठभाग आजूबाजूसारखाच असतो, नव्या नाण्याची झळाळी तिथंही असते. कानशीनं किंवा पॉलिश पेपरनं अक्षर घालवलं असेल तर तिथं समांतर ओरखडे दिसतात आणि जागा किंचित खोलगट असते.

चावा घेतलेला रुपया

बारा-तेरा वर्षांपूर्वी भाजी मंडईत सुट्या पैशांत मला एक रुपया मिळाला. १९९२ पासून काही वर्षं निघालेला स्टीलचा, कणसांचा, २५ मिलिमीटरचा. त्याच्या काठाचा उजवीकडचा भाग कुणी चावा घेतल्यासारखा गोलाकार कमी होता. या नाण्याचं ठरलेलं वजन ४.८५ ग्रॅम. माझ्या नाण्याचं भरलं ४.५२.

पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर थोडी सरकली तर पुरीला चंद्रकोरीसारखा चावा येतो. टाकसाळीत पट्टी पुढं सरकायला चुकली की चकतीचंही तसंच होतं. याला 'क्लिप' म्हणतात. पण अर्धगोल कानस घेऊन कुणीही असा आकार घरी करू शकतो, म्हणून मी लगेच खूश झालो नाही. बघायची जागा चाव्याची नव्हतीच, ती होती बरोबर समोरची. चकतीला काठ आणताना ती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही, आणि तिथला काठ पुसट राहतो. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. माझ्या रुपयावर चाव्याच्या नेमकं समोर काठ विरत गेलेला होता. शिवाय चाव्याजवळची अक्षरं त्या मोकळ्या जागेकडं ओढल्यासारखी, कडेला मावळलेली होती, कारण धातूला तिकडं पसरायला वाट होती. कापलेल्या नाण्यावर अक्षर जिथं कापलं तिथं खटकन संपतं, समोरचा काठ ठणठणीत असतो आणि कापलेल्या भिंतीवर कानशीचे ओरखडे असतात. प्रत्येक खऱ्या क्लिपवर समोरचा काठ तितकाच स्पष्ट पुसट असतो असं नाही, पण दिसला की मन निश्चिंत होतं.

तो रुपया अजून माझ्याकडं आहे. लाखाचा नाही. मला तो विकायचाही नाही.

वजन पूर्ण आहे की कमी, हा प्रश्न पातळ नाण्यांनाही विचारावा लागतो. आमचे एक नातेवाईक विट्याचे, गलाईच्या धंद्यात आयुष्य गेलं. खानापूर-आटपाडी भागातली अनेक घरं सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरली आहेत, त्यांतलंच हे एक. त्यांना मी एकदा एक कागदासारखा पातळ रुपया दाखवला. त्यांनी चिमटीत धरला, काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तेजाबात बुडवलाय ह्यो." कसं कळलं विचारलं तर म्हणाले, "सगळीकडनं सारखा झिजलाय, साबणाच्या वडीगत." तेजाब म्हणजे आम्ल नाण्याला सर्व बाजूंनी खातं. जाडी कमी होते, व्यास कमी होतो, अक्षरं बारीक होत जातात. टाकसाळीतच चकती पातळ निघाली असेल तर व्यास पूर्ण असतो, कारण तो कॉलरमध्ये ठरतो, आणि अक्षरांची रेघ नेहमीच्या जाडीची असते, फार तर उंच भाग नीट भरलेले नसतात. व्हर्निअर कॅलिपर किंवा साधी मोजपट्टीसुद्धा इथं निकाल देते. सोन्याचा मुलामा दिलेला "सोनेरी रुपया" तर चुंबकालाच चिकटून आपली जात सांगतो.

दहा रुपयांचा मधला गोळा

दोन धातूंचं दहा रुपयांचं नाणं आल्यापासून मधला गोळा नसलेली कडी आणि कडीशिवायचे गोळे बरेच फिरतात. कडी आणि गोळा आधी जोडलेले नसतात, ते ठशाच्या फटक्यातच एकमेकांत घट्ट बसतात. म्हणून गोळा नसताना कडीवर खरोखर ठसा पडला तर धातू भोकाच्या दिशेनं आत सरकतो, भोकाची कड गोलसर होते आणि आतल्या बाजूची अक्षरं तिकडं कललेली दिसतात. नंतर हातोडीनं गोळा पाडला असेल तर भोकाची भिंत सरळ असते, गोळा घट्ट धरून ठेवणाऱ्या खाचेच्या खुणा तिथं दिसतात आणि कुठंतरी ठोकल्याचा डाग असतोच. असं मुद्दाम करू नये हे इथंच सांगतो. २०११ च्या नाणे कायद्यानं नाणं वितळवायला, नष्ट करायला बंदी आहे.

आणखी एक बनाव फार फसवतो. टाकसाळीत आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं तर पुढच्या चकतीच्या एका बाजूवर त्याचंच उलटं, आत गेलेलं चित्र उमटतं, आरशातल्यासारखं. याला ब्रॉकेज म्हणतात, जुने संग्राहक 'लखी' म्हणतात. हे दुर्मीळ आणि देखणं असतं. घरी शिकंजात दोन नाणी एकमेकांवर दाबूनही उलटा ठसा घेता येतो. पण अशा नाण्यावर उलट्या चित्राखाली त्याचं स्वतःचं मूळ चित्र चपटं होऊन शिल्लक असतं. खऱ्या ब्रॉकेजमध्ये त्या बाजूला मूळ चित्र उमटलेलंच नसतं, आणि दुसरी बाजू सुबक, नेहमीसारखी असते.

ठसा फिरल्याचं तपासणं सगळ्यांत सोपं. आपली नाणी पुस्तकाचं पान उलटतो तशी आडवी उलटली की मागचं चित्र सरळच दिसायला हवं. वाकडं दिसलं तर ठसा फिरलेला. पाच-दहा अंश फिरलेली नाणी ढिगानं सापडतात, त्यांना कुणी फारसं विचारत नाही. नव्वद किंवा एकशेऐंशी अंशांचं असेल तर बाजूला काढून ठेवा. ही अशी चूक आहे की ती बाहेर घडूच शकत नाही. फक्त दोन नाणी अर्धी घासून चिकटवलेली नाहीत ना, एवढं काठावरची फट बघून ठरवायचं.

नदी आणि रूळ

हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर पोरं दोरीला चुंबक बांधून पाण्यात ओढतात. भाविकांनी टाकलेली स्टीलची नाणी त्याला लटकून येतात, पितळी खालीच राहतात. वाळूत लोळून गुळगुळीत झालेलं एखादं नाणं मग "एका बाजूनं कोरं" म्हणून माझ्याकडं येतं. एका बाजूनं खरोखर कोरं छापलेलं नाणं पूर्ण वजनाचं असतं आणि त्याची छापलेली बाजू धारदार असते. नदीतलं नाणं दोन्ही बाजूंनी कमीजास्त झिजलेलं, काठ गोलावलेला, रंग निस्तेज, वजन घटलेलं. मिरजेकडच्या रेल्वेच्या रुळांवर ठेवून चपटी केलेली नाणी तर ओळखायला शिकावंही लागत नाही: ती एका दिशेला लांबलेली असतात, चित्र दोन्हीकडं ताणलेलं. (हा खेळ जिवावरचा आहे, कुणी करत असेल तर थांबवा.) टाकसाळीत कॉलरशिवाय छापलेलं नाणंही पसरतं, पण सर्व बाजूंनी, आणि त्यावरचं चित्र मधोमध स्पष्ट राहतं.

आपल्या सातारा-सांगलीत एक वेगळाच गोंधळ होतो तो शिवराईचा. जुन्या वाड्यात, शेतात सापडलेली तांब्याची शिवराई दाखवून लोक सांगतात, "ठसा सरकलाय बघा, 'श्री राजा शिव' मधला 'श्री' कापला गेलाय, चुकीचं नाणं आहे." १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेल्या या नाण्यावर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असं असतं. पण ते हातोडीनं, हातानं पाडलेलं नाणं आहे. कॉलर नाही, चकती हातानं केलेली, पुष्कळदा ठशापेक्षा लहान. त्यामुळं अक्षर बाहेर जाणं, ठसा कडेला पडणं, आकार वाकडा असणं हा त्या पद्धतीचा स्वभाव आहे. यंत्राच्या नाण्याचे निकष तिला लावले तर जवळजवळ प्रत्येक शिवराई 'एरर' ठरेल. उलट सगळी अक्षरं पूर्ण आलेली शिवराई मिळणं अवघड, आणि तिलाच संग्राहक जपतात. पायाच्या खोदाईत अशा नाण्यांचा गाडगंभर साठा सापडला तर तो १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, वाटून घेता येत नाही.

चूक नसताना चूक समजल्या जाणाऱ्या दोन गोष्टी झटकन सांगतो. सालाखालचा गोल ठिपका म्हणजे नोएडाची खूण, पत्त्यातल्या चौकटसारखी खूण मुंबईची, चांदणी हैदराबादची, आणि काहीच नसेल तर कोलकाता. दहा रुपयांवर किरण दहा की पंधरा, ₹ चं चिन्ह आहे की नाही, हे नमुन्यातले बदल आहेत. तोवर निघालेले १४ वेगवेगळे नमुने सगळे चालतात असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्येच स्पष्ट केलं होतं.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, चुंबक, बाजूनं पडणारा उजेड आणि त्याच प्रकारचं एक धड नाणं तुलनेला. काटा नसेल तर सराफ कट्ट्यावरचा ओळखीचा सराफ दोन मिनिटांत वजन करून देतो.

आणि पैशाचं. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी जुन्या नाण्याच्या विक्रीसाठी फोनवरच्या माणसाला आधी 'नोंदणी', मग 'कर', मग 'कमिशन' असं करत पेन्शनमधले पैसे पाठवले. नाणं त्यांच्याकडंच राहिलं, पैसे गेले. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असे शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेनंच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे. नाणं विकत घेणारा तुम्हाला पैसे देतो, मागत नाही.

खरं एरर सापडलंच तर त्याला चिंच, लिंबू, राखुंडी, पितांबरी काहीही लावू नका. मूळ पृष्ठभाग हाच त्याचा दाखला, तो घासला की पारखणाऱ्याला बघायला काही उरत नाही. काठानं धरा, साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा, मऊ पीव्हीसीच्या पिशवीत नको, ती तांब्याच्या नाण्यांवर हिरवा चिकट थर आणते. पाकिटावर वजन आणि कुठं मिळालं ते लिहा. त्या पोरानं त्याच्या काळ्या पाच रुपयांसाठीही पाकीट केलं आहे. वर लिहिलंय: "५.९६ ग्रॅम. २०१९ चा पूर."